कन्कशनची (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेल्या हिसक्याची) लक्षणं महिनोन्महिने रेंगाळली तर घरच्यांनी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ, वय ३४, सात महिन्यांपूर्वी जिन्यात पाय घसरून डोक्यावर पडला. थोडा वेळ भांबावला, पण शुद्ध हरपली नाही. सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि दोन-तीन आठवड्यांत बरं वाटेल असं सांगितलं गेलं. अजूनही रोज डोकं दुखतं, मान वळवली की गरगरतं, उजेड आणि आवाज सोसत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, बारीकसारीक गोष्टींवरून भडका उडतो. आई त्याला पडदे ओढलेल्या खोलीत झोपवून ठेवते. वडील म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे, मन घट्ट कर आणि कामाला लाग. वहिनी या दोघांच्या मध्ये पिचून गेली आहे. बहीण म्हणून मी नेमकं काय करू?

आधी वडिलांच्या शंकेबद्दल, कारण ती सुटल्याशिवाय घरात बाकी काही नीट चालणार नाही. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि कवटीचं फ्रॅक्चर शोधतो. कन्कशनमध्ये बिघडतं ते मेंदूचं कामकाज, आणि ते चित्रात उमटत नाही. हिसका बसला की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. तो समतोल परत आणायला मेंदूला भरपूर ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच काळात रक्तपुरवठा थोडा कमी पडलेला असतो. म्हणून रिपोर्ट स्वच्छ आणि माणूस आजारी, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तो नाटक करत नाही.

पण आईलाही एक गोष्ट सांगावी लागेल. ही ऊर्जेची ओढाताण साधारणपणे काही दिवसांची किंवा आठवड्यांची असते, सात महिन्यांची नाही. इतक्या दिवसांनी लक्षणं टिकून असतात त्यामागे बहुधा दुसरीच कारणं असतात: मानेचे सांधे आणि स्नायू, आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा, दोन्ही डोळ्यांचा बिघडलेला ताळमेळ, मायग्रेन, विस्कटलेली झोप, नाडी-रक्तदाबाचं बिघडलेलं नियंत्रण, खालावलेलं मन, आणि वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक. बहुतेकांमध्ये यातली दोन-तीन एकत्र नांदत असतात आणि एकमेकांना पोसतात. यातल्या प्रत्येकावर काही ना काही उपाय आहे. अंधाऱ्या खोलीतली विश्रांती मात्र यातल्या कशावरच उपाय नाही. पूर्ण विश्रांतीचा फायदा पहिल्या २४ ते ४८ तासांपुरता असतो. त्यापुढे ती लांबवली की स्नायू सैलावतात, झोप बिघडते, मन खचतं, आणि उजेड-आवाज सोसण्याची ताकद उलट कमी होते.

थोडक्यात, आई हालचालीची आणि कामाची शून्य मात्रा देते आहे आणि वडील एकदम पूर्ण मात्रा द्यायला निघाले आहेत. घरच्यांचं खरं काम त्याची आजची मात्रा शोधणं, ती रोज सारखी ठेवणं आणि हळूहळू वाढवणं हे आहे. बाकी बरंचसं डॉक्टरांचं आणि फिजिओथेरपिस्टचं काम. हे मात्र घरीच होतं, आणि घरीच बिघडतं.

मात्रा कशी शोधायची

एक साधी वही घ्या. दोन आठवडे त्यात फक्त एवढंच लिहायचं: वेळ, काय केलं, किती मिनिटं, आधी त्रास किती (० ते १०), नंतर किती, आणि उतरायला किती वेळ लागला. उदाहरणादाखल एका दिवसाच्या दोन ओळी बघा. "१०.१५, लॅपटॉप, ३० मिनिटं, आधी ३, नंतर ६, उतरायला तीन तास." "४.००, लॅपटॉप, १२ मिनिटं, आधी ३, नंतर ४, उतरायला वीस मिनिटं." या दोन ओळींतच उत्तर आहे. तीस मिनिटं त्याला झेपत नाहीत, बारा झेपतात. मग सुरुवात दहापासून करायची.

नियम असा: काम करताना त्रास आधीपेक्षा फार तर दोन अंकांनी वाढला आणि तासाभरात उतरला तर चालेल, घाबरून थांबायचं कारण नाही. त्याहून जास्त वाढला किंवा जास्त वेळ राहिला तर मात्रा मोठी झाली. खेळांमधल्या कन्कशनबद्दलची जी आंतरराष्ट्रीय सहमती २०२२ साली आम्स्टरडॅमच्या परिषदेत ठरली, तिच्यातही व्यायामासाठी हेच माप धरलेलं आहे. हा नियम घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा, कारण आईची भीती इथेच असते. डोकं जरा दुखलं म्हणजे मेंदूला नव्याने इजा झाली असं तिला वाटतं. तसं होत नाही. व्यायाम सुरू केला की पोटऱ्या दुखतात, तशातलंच हे.

मात्रा झेपली की चार-पाच दिवस तीच ठेवायची, मग दोन-तीन मिनिटांनी वाढवायची. एका वेळी एकच गोष्ट वाढवा. चालणं, वाचन आणि लोकांमध्ये बसणं एकाच आठवड्यात वाढवलं आणि त्रास झाला, तर कशाने झाला ते कळायला मार्ग राहत नाही.

यात सगळ्यात जास्त घात होतो तो बऱ्या दिवशी. सकाळी उठल्यावर बरं वाटतं, म्हणून तो साठलेली सगळी कामं उरकायला घेतो, घरचेही खूश होऊन काही बोलत नाहीत, आणि पुढचे दोन दिवस तो अंथरुणात. मग घाबरून सगळं बंद. पुन्हा बरा दिवस, पुन्हा तोच अतिरेक. असे महिने निघून जातात आणि मेंदूला सलग सराव मिळतच नाही. म्हणून बऱ्या दिवशीही ठरलेलीच मात्रा, घड्याळ लावून. आणि वाईट दिवशी शून्यावर जायचं नाही, निम्म्यावर यायचं. विश्रांतीही त्रास सुरू झाल्यावर घेण्यापेक्षा आधीच ठरवलेल्या वेळी घ्यायची: ठरलेली मात्रा संपली की पाच मिनिटं डोळे मिटून शांत, बरं वाटत असलं तरी.

वहीचा एक धोकाही सांगून ठेवतो. दोन आठवड्यांनंतर रोजची नोंद एका ओळीवर आणा. दर तासाला "आता कसं वाटतंय? डोकं दुखतंय का?" असं विचारत राहिलं की त्याचं सगळं लक्ष त्रासावरच खिळतं, आणि लक्ष जिथे खिळतं तिथे त्रास मोठा वाटतो. विचारायचंच असेल तर "आज काय काय जमलं?" असं विचारा.

चालणं

औषधाइतकंच महत्त्वाचं. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात जॉन लेडी आणि बॅरी विलर यांनी यासाठी ट्रेडमिलची एक चाचणी तयार केली. चढ हळूहळू वाढवत नेतात आणि कोणत्या नाडीवर लक्षणं वाढू लागतात ते पाहतात. त्या नाडीच्या साधारण ८० ते ९० टक्क्यांवर रोज वीस मिनिटं व्यायाम देतात. म्हणजे १४० ठोक्यांवर त्रास वाढला तर व्यायाम ११२ ते १२६ च्या दरम्यान. ही चाचणी जाणकार फिजिओथेरपिस्टकडेच करायची, घरी नाही. ती होईपर्यंत डॉक्टरांना विचारून सपाट रस्त्यावर, पूर्ण वाक्य न धापता बोलता येईल अशा वेगाने दहा मिनिटं चालणं सुरू करता येतं. चालताना फार गरगरत असेल तर स्थिर सायकल बरी, कारण तिच्यावर डोकं हलत नाही आणि आजूबाजूचं दृश्यही सरकत नाही.

गरगरण्याचे तीन प्रकार

"चक्कर येते" एवढंच डॉक्टरांना सांगितलं तर हाती फारसं काही लागत नाही. कधी येते ते नीट बघून ठेवा.

बिछान्यात कूस बदलताना किंवा वर बघताना खोली गरकन फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते: आतल्या कानातले सूक्ष्म खडे जागेवरून सरकल्याची ही खूण आहे. डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते परत जागी नेण्याची एप्ली नावाची पद्धत असते. प्रशिक्षित हातांनी केली तर अनेकदा एक-दोन बैठकांत काम होतं. सात महिने गोळ्या खाल्लेल्या माणसाचं हे दहा मिनिटांत सुटू शकतं, म्हणून ते आधी तपासून घ्या. व्हिडिओ बघून घरी मान फिरवू नका. त्याची मान आधीच दुखावलेली असू शकते.

मान वळवली की नजर मागे राहते, दृश्य पुसट होतं, दुकानाच्या भरलेल्या रांगांमधून चालताना मळमळतं: इथे डोळा आणि कान यांचा मेळ बिघडलेला आहे. यावरचा नेहमीचा व्यायाम सोपा आहे, पण त्यात चूक हमखास होते. हाताच्या अंतरावर, डोळ्यांच्या उंचीवर एक अक्षर चिकटवायचं. नजर त्यावर रोखायची आणि डोकं "नाही" म्हणताना हलवतो तसं थोडंसं डावी-उजवीकडे हलवायचं, तीस सेकंद, दिवसातून दोन-तीन वेळा. अक्षर सतत स्पष्ट दिसलं पाहिजे. ते पुसट झालं तर वेग जास्त झाला. बहुतेक जण जोरजोरात मान हलवतात, अक्षर हलतंय याकडे लक्षच नसतं, आणि मग व्यायामाने त्रासच वाढला म्हणून सोडून देतात. वेग आणि वेळ फिजिओथेरपिस्टनेच ठरवून द्यायला हवं. घरच्यांनी समोर उभं राहून अक्षर स्पष्ट आहे का ते विचारत राहायचं.

तिसरा प्रकार उभं राहिल्यावरचा. डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड. दहा मिनिटं आडवं झोपवून नाडी मोजा, मग उभं करून १, ३, ५ आणि १० मिनिटांनी मोजा. तुम्ही शेजारी उभ्या राहा, तोल जाऊ शकतो. नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली तर तो कागद डॉक्टरांना दाखवा.

एक सूचना: चक्कर दाबणाऱ्या प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारख्या गोळ्या महिनोन्महिने चालू असतील तर त्याबद्दल मुद्दाम विचारा. त्या मेंदूला नव्याने तोल शिकू देत नाहीत. मात्र स्वतःहून बंद करू नका.

डोकेदुखी आणि गोळ्यांचं कॅलेंडर

भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ज्या दिवशी वेदनाशामक घेतली त्या तारखेला खूण करा. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारख्या साध्या गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनवरच्या गोळ्या), ओपिऑइड (अफूच्या जातीची तीव्र वेदनाशामकं) किंवा एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत राहण्याची दाट शक्यता असते. घरच्यांना हे पटणं कठीण जातं, कारण गोळी घेतली की दोन तास बरं वाटतं. हे चक्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोडायचं. पहिले काही दिवस दुखणं वाढतं, त्याची तयारी ठेवा.

दुखणं मानेच्या मुळाशी सुरू होऊन डोक्यावरून कपाळाकडे येत असेल, मान एका बाजूला कमी वळत असेल, तर मानेची तपासणी झालीच पाहिजे. डोक्यावर पडलेल्या माणसाच्या मानेलाही तोच झटका बसलेला असतो, आणि डोक्याच्या स्कॅनच्या नादात तिच्याकडे दुर्लक्ष होतं.

डोळ्यांचंही तसंच. चष्म्याचा नंबर बरोबर असतो, लांबचं नीट दिसतं, तरी वाचताना ओळ सुटते किंवा अक्षरं दुहेरी होतात. पेनचं टोक हळूहळू नाकाकडे आणा. नाकापासून सहा-सात सेंटिमीटरच्या बरंच आधी, आणि पुन्हापुन्हा, दोन टोकं दिसू लागली तर दोन्ही डोळे जवळ एकत्र आणण्याची ताकद तपासायला सांगा. ती तपासणी मागितली नाही तर बऱ्याचदा होतच नाही. तोवर मोठी अक्षरं, कागदावर छापलेला मजकूर आणि ओळीखाली पट्टी एवढ्याने बराच फरक पडतो.

उजेड, आवाज, झोप

पडदे एकदम उघडायचे नाहीत. दर दोन-तीन दिवसांनी हातभर उघडा, आधी सकाळी, मग दुपारी. बाहेर उन्हात गॉगल चालेल, घरात नको. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना साधा दिवाही बोचतो. कानातल्या बोळ्यांनाही हेच लागू: गर्दीत, ठरावीक वेळेपुरते. दिवसभर घातले तर चमचा पडल्याचा आवाजही असह्य होतो.

झोपेत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उठण्याची वेळ. रात्र कशीही गेली तरी उठायचं त्याच वेळी, आणि उठल्यावर अर्धा तास उजेडात. दुपारी डुलकी हवी तर तीनच्या आत, वीस-तीस मिनिटं, गजर लावून. चहा-कॉफी दुपारनंतर बंद. जोरात घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. दारू पूर्ण बंद ठेवलेली बरी, झोप आणि तोल दोन्ही ती बिघडवते.

चिडचिड

घर खरं दमतं ते यानेच. जेवणाच्या टेबलावरचं चित्र डोळ्यांसमोर आणा: टीव्ही चालू, आई वाढताना विचारते, वडील ऑफिसच्या मेलबद्दल विचारतात, मुलगा हात ओढतो, पंखा घरघरतो. यातला नको तो आवाज गाळून हवा तो ऐकणं हे काम धडधाकट मेंदू आपोआप करतो. त्याच्या मेंदूला ते मुद्दाम, जोर लावून करावं लागतं. पाच मिनिटांत तो रिकामा होतो आणि ताट सरकवून ओरडतो. त्या क्षणी समजावून काही होत नाही. उपाय आधीच करायचा असतो. जेवताना टीव्ही बंद. एका वेळी एकाने बोलायचं, बोलण्याआधी नाव घेऊन. एका वाक्यात एकच काम सांगायचं आणि ते फळ्यावर लिहायचंही. पैशांचे, नोकरीचे विषय सकाळी, रात्री नाहीत.

आणि एक शब्द सगळ्यांनी मिळून ठरवा, "थांबू" किंवा आणखी काही. तो कुणीही उच्चारला की विषय तिथेच सोडायचा, त्याने दुसऱ्या खोलीत वीस मिनिटं जायचं, मागे कुणी जायचं नाही. वीस मिनिटांनी त्याने स्वतः परत यायचं. परत येणं हा कराराचा भाग आहे, नाहीतर ती खोली पुन्हा आईची अंधारी खोली होते.

इजा समजून घ्यायची, पण हात उगारणं किंवा वस्तू फेकणं खपवून घ्यायचं नाही. तसं होत असेल तर वहिनी आणि मुलाची सुरक्षितता आधी, आणि डॉक्टरांना तेच सरळ शब्दांत सांगायचं.

उदासी, कशातच रस नसणं, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" अशी वाक्यं ऐकू आली तर थेट विचारा: "जीव नकोसा वाटतो का? स्वतःला संपवण्याचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

विसरण्याबद्दल थोडं. किल्ली विसरणं, शब्द न आठवणं, दुपारी डोकं जड होणं हे कधीही डोक्याला मार न लागलेल्या माणसांनाही होतं. दुखापतीनंतर माणूस आधीची स्मरणशक्ती होती त्याहून चांगली होती असं समजू लागतो आणि प्रत्येक चूक डोक्याच्या खात्यावर मांडतो. "मीसुद्धा काल विसरले" एवढं एक वाक्य त्याला पुष्कळ धीर देतं, अर्थात ते खरं असेल तेव्हाच.

काम, गाडी आणि धोक्याच्या खुणा

कामावर परतताना साहेबांकडे "समजून घ्या" अशी विनंती करण्यापेक्षा नेमकं मागा: आठवड्यात तीन दिवस, दोन-दोन तास, सकाळी, शांत जागी, बैठका एकावर एक नकोत, सूचना लेखी. दर एक-दोन आठवड्यांनी वाढ. घरी सलग दोन तास ठरलेली मात्रा झेपत नसेल तर तारीख पुढे ढकला. घाईने जाऊन परत येण्याने माणूस फार खचतो.

गरगरतं तोवर गाडी चालवणं, शिडीवर चढणं, धक्काबुक्कीचे खेळ बंद. डोक्याला दुसरा मार बसू न देणं फार महत्त्वाचं आहे.

सात महिने झाले तरी पुढचं काही दिसलं तर वहीत लिहीत बसायचं नाही, तडक तातडीच्या विभागात: वाढतच जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, फिट येणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, जीभ जड होणं, एक बाहुली मोठी दिसणं, नीट जाग न येणं. वयस्कर किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसात तर कवटीखाली रक्त हळूहळू साठून आठवड्यांनीही त्रास दिसू शकतो.

आता घरातली वाटणी. वडिलांना चालण्याचं काम द्या, हातात घड्याळ देऊन. वेळ संपली की थांबवायचं, पोरगा "अजून जमेल" म्हणाला तरी. त्याला रेटण्याची त्यांची इच्छा कामी येते, आणि पाचव्या मिनिटाला तो कसा पांढरा पडतो हेही त्यांना जवळून दिसतं. आईकडे पडदे: कोणत्या दिवशी किती उघडायचे ते तिनेच कॅलेंडरवर लिहायचं. गोळ्यांच्या खुणा, तपासणीच्या वेळा, रजेचे कागद तुम्ही घ्या, आणि प्रत्येक भेटीला एका पानावर तीनच गोष्टी न्या: सध्याचा सर्वांत मोठा त्रास, वहीतून दिसलेली मात्रा, आणि कॅलेंडरवरचा गोळ्यांचा आकडा. वहिनीला शुश्रूषेतलं एकही काम देऊ नका. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तिच्या एकटीच्या ठेवा, आणि त्या वेळी त्याच्याजवळ कोण बसणार ते आजच ठरवून टाका.